टिटवा गप्प बसला तो दिवस

एका जंगलाच्या कडेला, डोहाजवळच्या खडकाळ माळावर एक टिटवा आणि त्याची टिटवी राहत असत. शेजारी करवंदीच्या जाळीत एक तितरीण राहत असे, आणि समोरच्या आंब्यावर एक कावळा. टिटव्यांचं घर ते काय असणार, बाळांनो? ना काडी, ना कापूस. चार खडे बाजूला सारले की झालं घर. त्यात टिटवीनं खड्यांच्याच रंगाची चार अंडी घातली होती. वैशाख लागला, माळ तव्यासारखा तापला. अशा उन्हात एकानं अंड्यांवर सावली धरून बसायचं, दुसऱ्यानं डोहात बसून पोटाची पिसं भिजवून आणायची आणि त्या ओलाव्यानं अंडी निववायची, ही टिटव्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाणी चुकलं तर पिल्लं कवचातच भाजून जायची.

त्यांची दुसरी रीत म्हणजे ओरडण्याची. मुंगूस दिसलं, ससाणा दिसला, की गळा फाटेस्तोवर ओरडायचं. पण जंगलातल्या पाखरांनी या ओरडण्याचा उलटाच अर्थ लावला. टिटवी ओरडते आणि मागोमाग संकट येतं, म्हणजे टिटवीच संकट आणते! संकट दिसतं म्हणून ती ओरडते, हे कुणाच्या ध्यानातच येईना. एक दिवस ती ओरडली आणि त्याच घटकेला ससाण्यानं होल्याचं पिल्लू उचललं. झालं! सगळी पाखरं डोहावर जमली.

"अपशकुनी मेली! हिच्या जिभेलाच विष आहे," तितरीण म्हणाली.

"वहिनी, तुमचा गळा चांगला आहे हो," कावळा म्हणाला, "फक्त आमच्या मुलुखात नको. या पाण्याला पुन्हा शिवाल तर चोचीनं उत्तर मिळेल."

टिटवा भांडायला गेला, तर डोक्यावर चोची खाऊन परत आला.

आता पाणी आणायचं कुठून? जंगलापलीकडच्या वाडीत ख्रिस्ती लोकांचं एक देऊळ होतं. तिथल्या विहिरीपाशी गुरांसाठी दगडी डोणी भरलेली असे. टिटवी तिथं जाऊ लागली. वाट एवढी लांब की येईपर्यंत अर्धी पिसं वाळून जात. पण रविवारी देवळातली गाणी तिच्या कानावर पडत, आणि ती आली की नवऱ्याला म्हणे, "अहो, देवबाप बघतोय. धीर धरा."

"बघतोय ना? मग नुसता बघतच बसलाय!" टिटवा फणकारला. "मी तर आजपासून तोंड उघडणार नाही. येऊ दे काय येतंय ते. एकदा कळू दे यांना."

"असं म्हणू नये. त्या देवळातल्या प्रभूला लोकांनी चाबकानं फोडलं, तोंडावर थुंकले. तरी त्यानं मारणाऱ्यांचंच भलं मागितलं. आपल्याला तर नुसत्या चोची बसल्यात. ओरडायचं काम त्यानं दिलंय, ते आपण करायचं. न्याय त्याच्यावर सोडायचा." एवढं बोलून ती पाण्याला उडाली.

टिटवा अंड्यांवर बसला. डोक्यावरची जखम ठणकत होती. इतक्यात वाळलं गवत हललं. मुंगूस! ते त्याच्याकडे नव्हतं येत, करवंदीच्या जाळीकडे चाललं होतं. तितरीण तेव्हा डोहावर पाणी पीत होती आणि जाळीत तिची सात अंडी उघडी होती. टिटव्याची चोच उघडली. सवयच ती. पण "अपशकुनी मेली" हे शब्द आठवले आणि त्यानं चोच मिटली. मुंगूस जाळीत शिरलं. कवचं फुटल्याचे आवाज त्यानं ऐकले. एक, दोन, तीन... मग मात्र त्याला ऐकवेना. त्यानं डोकं पंखाखाली खुपसलं.

मुंगूस मिशा चाटत निघून गेलं. तितरीण डुलत डुलत आली, जाळीत गेली आणि तिनं टाहो फोडला. पाखरं धावली.

"अगं, एवढ्या उन्हाचं बाहेर कशाला थांबलीस?" होला म्हणाला.

तितरीण रडत म्हणाली, "टिटवी ओरडली नाही ना आज! ती ओरडली नाही म्हणून मी निवांत होते."

हे ऐकलं आणि टिटव्याच्या काळजात चर्र झालं. म्हणजे शिव्या देतानाही ती आपल्या आवाजाच्या भरवशावर होती! त्याच्या पोटाखाली चारही अंडी शाबूत होती, आणि त्याचीच त्याला लाज वाटू लागली.

टिटवी आली. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं आधी ओलं पोट अंड्यांवर टेकवलं, मग हळूच म्हणाली, "आपल्यावर अन्याय झाला तो त्यानं पाहिला. आज आपण केला, तोही त्यानंच पाहिला. जा, तिला सांगा."

टिटवा गेला. "ताई, मी मुंगूस पाहिलं होतं. जाणूनबुजून गप्प बसलो," तो म्हणाला. पाखरं त्याच्यावर तुटून पडली. तो उडाला नाही, चोची खात उभा राहिला. तितरिणीनं मात्र चोच मारली नाही. नुसतं पाहिलं आणि पाठ फिरवली. ती पाठ त्याला चोचींपेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या दिवसापासून पान हललं तरी टिटवा ओरडू लागला. कावळा आंब्यावरून म्हणे, "आता कशाला घसा कोरडा करतोस रे? सात गेली ती येणार आहेत का?" टिटवा पुन्हा गवताकडे नजर लावून बसे.

आणि मग तो दिवस आला. देवळाची डोणी कोरडी पडली. टिटवी पाण्याच्या शोधात कुठल्या कुठे गेली. सूर्य डोक्यावर आला तरी तिचा पत्ता नाही. अंडी तापली. डोह चार उड्यांवर, पण उठावं तर ऊन अंडी भाजणार, आणि गेलं तरी पाण्याला कुणी शिवू देणार नाही. टिटव्यानं पंख पसरले, डोळे मिटले. "देवबापा, मला मागायला तोंड नाही. पण या चौघांनी काय केलंय?"

"सरक," कुणीतरी म्हणालं.

डोळे उघडले तर समोर तितरीण. पोट ओलंचिंब, थेंब गळत होते.

"ताई, तू?"

"सरक म्हणते ना! तुमची रीत मी रोज बघत होते. माझी जाळी रिकामी आहे, पोट भिजवायला मला वेळच वेळ आहे." ती अंड्यांवर बसली. मग तोंड फिरवून म्हणाली, "तुला बघितलं की अजून ती फुटलेली कवचं दिसतात. पण पाणी प्यायला गेले, आणि इथं ही चार तापत पडलेली दिसली."

टिटवी धापा टाकत कोरड्याच पोटानं परतली, तेव्हा अंड्यांवर तितरीण बसलेली होती आणि टिटवा डोहात पोट भिजवत होता. काठावर कावळा होता, पण त्यानं चोच उगारली नाही.

पाचव्या दिवशी चारही अंडी फुटली. पिल्लं पायांवर उभी राहिली आणि सरळ डोहाकडे पळाली. पुढे तितरीण, मागे टिटवी. टिटवा मात्र करवंदीच्या जाळीपाशी क्षणभर थांबला, आत पाहिलं, आणि मग पिल्लांच्या मागून चालू लागला. त्या दिवशी सारं घर डोहावर पोटभर पाणी प्यालं.

तात्पर्य : छळ सोसताना देवावर भरवसा ठेवावा आणि त्यानं दिलेलं भलं काम रागाच्या भरात सोडू नये. देव क्षमा करतो, पण आपल्या गप्प बसण्यानं जे गेलं, ते परत येत नाही.