दुसरा डबा

दोष सासऱ्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सगळे मिळून जावयाला हसाल तेव्हा निदान थोडी लाज वाटेल.

तर एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गहिनाथ. भोळा म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा आणि सांगितलं तसंच करणारा. "दाराकडे लक्ष ठेवा" म्हटलं की तो दाराकडे बघत बसे. खिडकीतून चोर आला तर त्याला रामराम घाली आणि पुन्हा दाराकडे बघे. त्याच्यात एकच गुण होता. एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. "बरं मामा, ध्यानात ठेवतो," म्हणे आणि खरंच ठेवी. सगळा घोळ त्यानेच होई.

मामा म्हणजे त्याचे सासरे, सोपानराव. गावचे माजी उपसरपंच. पद गेलं तरी सांगायची खोड गेली नव्हती. स्वतः करायची सवय तर मुळात नव्हतीच. त्यांच्या घरावर डिशची छत्री होती आणि टीव्हीखाली एक डबा होता, टीव्हीवरचं साठवून ठेवणारा. बटण दाबलं की कार्यक्रम आत जाऊन बसे, मग हवा तेव्हा बघा. मामांनी तो गच्च भरून ठेवला होता. कीर्तनं, जी त्यांनी एकदाही बघितली नव्हती. कुस्त्या, ज्या लावून ते घोरत. आणि एक बातमी, पुलाच्या उद्घाटनाची. त्यात मंत्र्यांच्या खांद्यामागे एक टोपी दिसते. ती टोपी मामांची. खालचं डोकं दिसत नाही. पण ते एरवीही कधी कोणाला दिसलं नव्हतं.

मामा-मामींची एकुलती एक लेक सारिका, ही गहिनाथची बायको. तालुक्याला टीव्हीवाले वहिनींचे खेळ घ्यायला आले, तिथे ती गेली. फुगे फुगवले, सुईत दोरा ओवला, सगळ्यांना मागे टाकून पैठणी जिंकली. शेवटी उखाणा घ्यायला लावला. तिने घेतला. गहिनाथच्या नावाने.

"काय घेतला गं?" गहिनाथने विचारलं.

"टीव्हीवर ऐका."

"आत्ता सांग की."

"उखाणा एकदाच घेतात, अहो. चुलीपुढे बसून नवऱ्याला उखाणा ऐकवायला मी काय खुळी आहे?"

गहिनाथला त्या घरात 'जावईबापू' म्हणत, तेही दात खाऊन. नावाने हाक कोणी मारत नसे. आणि आता त्याचं नाव टीव्हीवर येणार होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर जाऊन उभा राहायला लागला. कार्यक्रम नवरात्रात दाखवणार होते, एकदाच. तो साठवायचा तर डब्यात जागा पाहिजे.

"अण्णा, एखादं कीर्तन पुसा," सारिका म्हणाली.

"देवाचं पुसू?"

"मग एखादी कुस्ती पुसा."

"मर्दाचा खेळ पुसू?"

"मग ती टोपी तरी..."

मामा ताटावरून उठले. "दुसरा डबा घेऊ," म्हणाले.

लेकीच्या उखाण्यासाठी बापाला एक टोपी पुसवली नाही. सगळं तिथून सुरू झालं.

"जावईबापू, तालुक्याला जा आणि डबा घेऊन या. साठवणीचा. महिनाभराचं मावलं पाहिजे."

"बरं मामा, ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी गहिनाथ परत आला. डोक्यावर पत्र्याची भलीमोठी कोठी. ठाण्णकन ओट्यावर ठेवली.

"मामा, यात महिनाभराचं पीठ मावतं. वर थोडे शेंगदाणेही मावतील म्हणाला."

"अहो, टीव्हीचा डबा!" मामा ओरडले. "जाताना नमुना न्यायचा असतो. घरचा डबा पिशवीत घाला, दुकानात ठेवा आणि म्हणा, हुबेहूब असाच द्या. तसूभर फरक नको!"

"बरं मामा, ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी गहिनाथने घरचा डबा टीव्हीच्या दुकानात नेऊन ठेवला. शेठने शेजारी नवा ठेवला. गहिनाथने दोन्ही डबे फिरवून फिरवून बघितले.

"याचा कोपरा फुटलेला नाही," तो म्हणाला.

"नवा आहे, पाहुणे."

"आमच्याला इथे चिकटपट्टी आहे. इथे मामींचं हळदीचं बोट आहे." मग त्याने घरचा डबा कानाशी नेऊन हलवला. "आणि आत झुरळ वाजतं. तुमच्यात वाजत नाही."

"अहो, झुरळ तुम्ही घरी जाऊन घाला!"

"तसूभर फरक नको. मामांनी बजावलंय."

शेठने झुरळ दिलं नाही. गहिनाथने डबा घेतला नाही.

मामा आणखी भडकले. "नवा म्हणजे कोरा पाहिजे! आत काही भरलेलं नको. रिकामा आहे ना, ते उघडून बघून घ्यायचं!"

मामांना म्हणायचं होतं, आत दुसऱ्या कोणाची कीर्तनं नकोत. पण म्हणायचं काय आणि म्हटलं काय, यात मामांचं जन्मभर दोन कोसांचं अंतर राहिलं. आणि ते दोन कोस कायम दुसऱ्यानेच चालायचे.

गहिनाथ पुन्हा दुकानात. शेठने नवा डबा काढला. गहिनाथने टेबलावरचा पेचकस उचलला आणि शेठ 'अहो, अहो' म्हणेपर्यंत वरचं झाकण काढलं.

"शेठ, गिऱ्हाईक बघून फसवता काय? हा भरलेला आहे."

"कशाने भरलेला?"

"हिरवी पाटी आहे, तारा आहेत, ही एक जड वडी आहे. हे सगळं काढून घ्या. मला रिकामा पाहिजे."

"ते काढलं तर नुसता डबा राहील!"

"मग मी इतके दिवस दुसरं काय मागतोय?"

शेठ घटाघट पाणी प्यायले. माणूस धंद्याला पक्का होता. हात जोडून म्हणाले, "पाहुणे, हा उघडलेला राहू द्या. तुम्ही हा मोठा घ्या. सहा महिन्यांचं साठवा, भरायचा नाही. एक टीबीचा आहे."

गहिनाथने पुढे केलेला हात मागे घेतला. "कशाचा?"

"टीबी. एक टीबी."

"याला आहे?"

"यालाच आहे. त्या लहान्याला नाही."

गहिनाथने खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला आणि उलट्या पावली दुकानाबाहेर आला.

आता तुम्हाला वाटेल, मामा या वेळी तर फोडून काढणार. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग जावयाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! हिच्या भावाला झाला होता टीबी. ताट-वाटी वेगळी ठेवली होती आम्ही त्याची. आणि हे लोक राजरोस विकतात!" नमुन्याचा डबा दुकानात त्या डब्याजवळ बसला होता, म्हणून मामींनी तो लिंबाच्या पाल्याने पुसून उन्हात ठेवला. गहिनाथला लग्नानंतरची ती पहिली शाब्बासकी. उपसरपंच म्हणून याच माणसाने गावाला पाच वर्षं अक्कल शिकवली होती.

सारिकाने कपाळावर हात मारून घेतला. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, टीबी म्हणजे मोठं माप हो. उद्या जा आणि तोच आणा. दुकानात एक अक्षर बोलू नका. पैसे पुढे करा आणि शेठ देतील ते घ्या."

गहिनाथ गेला. पैसे पुढे केले आणि उभा राहिला.

"आता काय राहिलं?" शेठने विचारलं. गहिनाथ गप्प.

"मामांनी काय सांगितलंय?" गहिनाथ गप्प.

"डबा आतून धुऊन देऊ का?" गहिनाथ गप्प.

शेठने टीबीवाला डबा पिशवीत घातला, पिशवी स्वतः त्याच्या खांद्याला अडकवली आणि एसटी हलेपर्यंत स्टँडवर उभे राहिले. परत उतरू नये म्हणून.

दुसरा डबा निवडला गेला तो असा. तोंड बंद ठेवल्याने. घरातल्या थोरांनी हा उपाय एकदा करून बघावा. बघणार नाहीत.

तोवर मामांची जीभ रिकामी बसली नव्हतीच. एका सकाळी म्हणाले, "ढवळ्याला पेंड घाला." गहिनाथने घातली. ढवळ्या खात होता आणि शेजारी मोऱ्या बघत होता.

"अहो, जोडी आहे ना ती?" मामा गरजले. "एकाला घातलं की दुसऱ्यालाही घालायचं. मुका जीव, तो काय तोंडाने मागणार आहे?"

"बरं मामा, ध्यानात ठेवतो."

मग घट बसले. देवापुढे अखंड दिवा लागला. मामी पाण्याला निघाल्या. "जावईबापू, दिव्याकडे बघत बसा हं."

गहिनाथ बघत बसला. ज्योत बारीक झाली. तो बघत होता. आणखी बारीक झाली. तो बघत होता. ज्योत गेली. धूर निघाला. तो धुराकडे बघत होता. मामी आल्या आणि हंडा आपटला.

"नुसतं बघत काय बसलात! ज्योत बारीक झाली की तेल घालायचं. वात नसली तर वात घालायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. घरातला दिवा गेलेला चालत नाही!"

"बरं मामी, ध्यानात ठेवतो."

कार्यक्रमाचा दिवस आला. देवीच्या मांडवात मंडळाने मोठा पडदा बांधला, जनरेटर आणला. सगळं गाव सारिकाला बघायला तिथे जमणार होतं. सारिका पैठणी नेसली. पण घरी कोणीतरी थांबायला पाहिजे. जावई सोडून सगळ्यांना मान होता, म्हणून जावई थांबला.

सारिकाने नवा डबा लावून दिला. त्यावर एक लाल दिवा लागला. "अहो, हा दिवा आहे तोवर उखाणा आत साठतोय. दिवा गेला की उखाणा गेला. आले की आपण दोघं बसून बघू."

"मी तोवर टीव्ही लावून ऐकू का?"

मामा दारात टोपी नीट करत होते. "टीव्ही कशाला? वीज जळते. साठायला टीव्ही लागत नाही. तुम्ही दिवे सांभाळा. एक देवीचा, एक डब्याचा. दोन्ही सारखेच समजा!"

हे शेवटचं वाक्य मामांना फार आवडलं. मांडवाकडे जाताना वाटेत भेटेल त्याला त्यांनी ते पुन्हा ऐकवलं.

"बरं मामा, ध्यानात ठेवतो," गहिनाथ म्हणाला तेव्हा दारात कोणी नव्हतं.

डावीकडे देवीचा दिवा, उजवीकडे डब्याचा. मधे गहिनाथ, मांडी घालून. टीव्ही बंद. अंधार पडला तशा शेतांवरच्या मोटारी चालू झाल्या आणि व्होल्टेज पडलं. घरातला बल्ब पिवळा झाला. डब्याचा लाल दिवा मिणमिणायला लागला.

तिकडे मांडवात एकदम गलका उठला. शिट्ट्या झाल्या. बायका खो खो हसल्या. गलक्यात 'गहिनाथ' असं काहीतरी ऐकू आलं. गहिनाथने मान वळवली नाही. दिवा मोठा की नाव मोठं?

डब्याची ज्योत बारीक झाली होती. विचारायचं नाही. वाट बघायची नाही. त्याने तेलाची बाटली उचलली. नव्या डब्याच्या डोक्यावर फटी होत्या. कंपनीला अक्कल आहे, तेल घालायला जागा ठेवली, असं त्याला वाटलं. त्याने धार धरली.

दिवा मोठा होईना. त्याने आणखी घातलं. आत चर्र झालं आणि दिवा गेला.

दिवा गेला की उखाणा गेला.

गहिनाथ घाबरला. त्याने वाकून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं की डब्यात वातच नाही. शेठने फसवलं ते फसवलंच. त्याने मामींच्या डबीतली कापसाची वात घेतली, फटीत रोवली आणि काडी ओढली. दिवा लागला. आधीपेक्षा केवढा तरी मोठा.

मग त्याची नजर मामांच्या जुन्या डब्यावर गेली. तो शेजारी नुसता बघत होता. जोडी होती ना ती. मुका जीव, तोंडाने मागत नाही.

मंडळी हसत खिदळत परत आली. घर तेलाने घमघमत होतं. देवापुढे एक दिवा, टीव्हीखाली दोन. मामींनी सवयीने तिन्हींना हात जोडले. गहिनाथ घामाघूम होऊन उभा राहिला. "मामा, दोन सांगितलेत, तीन सांभाळले. एकही जाऊ दिला नाही."

"माझी टोपी!" मामा जुन्या डब्यावर झेपावले. डोक्यावरची टोपी काढून आतलं तेल टिपायला लागले.

सारिका पैठणीत तशीच उभी राहिली. "निदान ऐकलात तरी का?"

"टीव्ही बंद होता. मामा म्हणाले, वीज जळते."

तिने एकदा बापाकडे बघितलं. बाप टोपी पिळत होता.

"आता सांग ना," गहिनाथ म्हणाला. "काय घेतला होतास?"

"उखाणा एकदाच घेतात," सारिका म्हणाली आणि पैठणी बदलायला आत गेली.

तो उखाणा आता सगळ्या गावाला पाठ आहे. पारावर विचारलं तर लोक हसतात, सांगत नाहीत. गहिनाथला तो माहीत नाही.