जीप जेवली

आंबेरीच्या वरच्या वाडीला सरकारी अनुदानातून इंटरनेट द्यायचं की नाही, हे ठरवायला निमकर साहेब जीपमधून आले आणि आल्या पावली नकार देऊन मोकळे झाले. वाडीतल्या एका बंगल्यात म्हणे आधीच जोडणी होती.

“तो बंगला फक्त मे महिन्यात उघडतो, साहेब,” रेवती म्हणाली. तिच्या तान्ह्या ओवीला दम लागायचा. डॉक्टर व्हिडिओवर बघायला तयार होते, पण चित्रच अडकून बसायचं.

“नियम आहे, वहिनी. एका घरी पोचलं की वाडीला पोचलं.”

जेवणवेळ झाली, तशी रेवतीने आपल्या पडवीत दोन पानं मांडली. ड्रायव्हर दत्तारामला भात, आमटी, फणसाची भाजी असं सगळं वाढलं आणि साहेबांचं पान तसंच ठेवून पातेल्यावर झाकण घातलं. पाहुण्याला उपाशी ठेवणारी बाई म्हणून आता पंचक्रोशीत आपलं नाव होणार, याची तिला खात्रीच पटली.

साहेबांनी वाट पाहिली, खाकरून पाहिलं. “वहिनी, माझं राहिलं.”

“राहिलं कसं, साहेब? जीपमधल्या एकाला वाढलं की जीप जेवली.”

दत्तारामचा घास हातातच थांबला. साहेब आधी गोरेमोरे झाले, मग त्यांना हसू आवरेना.

“दत्ताराम, तुझं पोट भरतंय ना?”

“भरतंय की, साहेब.”

“मग माझं का नाही रे भरत?” साहेबांनी रिकामं पान पुढे सरकवलं. “वाढा, वहिनी. वाडी उपाशी आहे, असं कळवतो वरती.”