पाठवणीच्या खुर्च्यांचा रंग

एका राज्यात, जिथे जादूगार बाजारहाटाला यायचे आणि पोपट न्यायसभेत साक्ष द्यायचे, रंभाजी नावाचा आसनपाल होता. कोणत्या समारंभाला कोणत्या रंगाच्या खुर्च्या मांडायच्या, हे ठरवणे त्याचे काम. जन्मात त्याची चूक एकदाच झाली, पण ती अशी की विचारू नका. राजकन्येच्या बारशाला त्याने शोकसभेच्या पांढऱ्या खुर्च्या मांडल्या, आणि त्यातल्या एकीवर नेमका विकटाक्ष जादूगार येऊन बसला.

"मी जिवंत असताना माझी शोकसभा?" विकटाक्ष गरजला. "आसनपाला, आता तूच बस!"

रंभाजी तिथेच राजवाड्याच्या अंगणात बसला तो बसलाच. त्याचे पाय लाकडाचे झाले, आणि ते लाकूड दरवर्षी थोडे थोडे वर चढू लागले. राजकन्येचे लग्न ठरले तेव्हा ते त्याच्या गळ्याशी आले होते. आता फार दिवस उरले नव्हते.

त्याची लेक सगुणा विकटाक्षापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा."

"राजवाड्यात या आठवड्यात तीन समारंभ आहेत. तिन्हींना साजेसा रंग निवड. एक जरी चुकला, तर बापाशेजारी तुझी खुर्ची."

पहिले थोरल्या सूनबाईंचे डोहाळजेवण. सगुणेच्या खांद्यावरचा पोपट म्हणाला, "हिरवा!" तिने हिरव्या खुर्च्या मांडल्या. सूनबाई बसताच खुर्चीच्या पाठीला पालवी फुटली. मग काय, पोपटाचा तोरा बघायलाच नको.

दुसरी राजकन्येची हळद.

"हिरवा!" पोपट म्हणाला.

"लाल मखमल," प्रधानजी म्हणाले.

"पिवळा," सगुणा म्हणाली. "हळदीचे हात कुठेही लागणार. डाग दिसला की पाहुणा ओशाळतो."

त्या दिवशी प्रधानजींसकट सगळे मनसोक्त माखले आणि खुर्च्यांवर एक डाग दिसेल तर शपथ. विकटाक्षाने नुसते नाक मुरडले.

तिसरी पाठवणी. इथे मात्र सगुणेचे डोके चालेना. लाल मांडावा, तर रडणाऱ्या आईला तो बोचेल. पांढरा मांडावा, तर अभद्र. पोपटाचे मत विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्या रंगांच्या खुर्च्या अंगणात ओढून ती त्यांच्यामध्ये हताश होऊन बसली. एवढ्यात सनई वाजली, राजकन्या बाहेर आली, आणि सगुणा नकळत उठून उभी राहिली.

मग ती स्वतःशीच हसली. "सगळ्या खुर्च्या आत न्या!" तिने सेवकांना सांगितले.

"खुर्च्या कुठे आहेत?" विकटाक्षाने विचारले.

"नाहीत, महाराज. लेक सासरी निघाली की बसून कोण राहतो?"

विकटाक्षाने पाहिले. राजा उभा, राणी उभी, सारे अंगण वेशीकडे लोटलेले. तो स्वतःही टाचा उंचावून नवरीकडे बघत होता. बसलेला होता तो एकटा रंभाजी.

राजकन्या त्याच्यापुढे वाकली. "काका, येते हं."

रंभाजीच्या घशात हुंदका आला आणि गळ्याचे लाकूड तडकले. मग छातीचे, मग गुडघ्यांचे. भुसा झटकत तो उठला आणि सगुणेचा हात धरून वेशीपर्यंत चालत गेला. विकटाक्षाने डोळे पुसले आणि आपला शाप मागे घेतला.

राज्याची घडी पुन्हा नीट बसली, आसनपालाला त्याचे काम मिळाले. संध्याकाळी सगुणेने बापाला पाट मांडून दिला, ताट वाढले. रंभाजीने ताट उचलले आणि उभ्यानेच जेवू लागला.

"बाबा, बसा ना."

"नको गं. अठरा वर्षे बसूनच होतो की."