मागचा पडदा

बॉयलर फुटून साखर कारखान्याचे सहा कामगार गेले. शोकसभेत पुढच्या सोफ्यांवर पाहुणे बसले आणि गेलेल्यांच्या बायकांना पार मागे, भाषण दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर जागा मिळाली.

भाषण संपताच चेअरमन केबलवाल्या हणमंतावर उखडले. "मागच्या पडद्यावर माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलंच नाही म्हणे. एवढ्या लांब तारेत चित्र खराब होणारच."

"साध्या तारेत झालं असतं, साहेब. म्हणून तर फायबर टाकली. हजार फुटांवरही इथलं काही वाटेत हरवत नाही," हणमंत म्हणाला. "पण जे इथंच नव्हतं, ते तिथं कुठून दिसणार?"

चेअरमन पाहुण्यांना निरोप द्यायला वळले.

केबल गुंडाळत हणमंत मागे पोचला. मंडप रिकामा झाला होता. आठ दिवसांपूर्वी विधवा झालेली त्याची वहिनी तेवढी बंद पडद्यासमोर बसून होती.