डोंगराची एकच प्रत

इंदुमती घोलप या निवृत्त शिक्षिकेची मोरदऱ्याच्या डोंगरावरची कविता पॉप आर्टिस्ट निहार सबनीस यांना म्हणे फार भिडली. त्यांनी तो डोंगर गुलाबी रंगवला आणि खाली ती कविता घालून चित्राच्या फक्त पन्नास प्रती छापल्या. प्रदर्शनाचे प्रायोजक होते दौलतराव ढमाले. हाच डोंगर फोडून खडी विकणारे!

उद्घाटनाला सबनीसांनी बाईंपुढे पेन धरलं. "प्रत्येक प्रतीवर माझ्या सहीशेजारी तुमची सही हवी. लिमिटेड एडिशन म्हणजे काय, कळतं ना बाई? पन्नास संपल्या की पुन्हा छपाई नाही. म्हणून तर मोल!"

"असं होय?" बाईंनी पिशवीतून ग्रामसभेचा कागद काढला. "मग डोंगराची तर एकच प्रत आहे, आणि तीही अर्धी फोडून झाली. दौलतराव, उरलेला फोडणार नाही, अशी इथं आधी तुमची सही. मग माझ्या पन्नास."

गिऱ्हाईकं खोळंबली होती. आम्हा बातमीदारांचे कॅमेरे वळले. सबनीस कुजबुजले, "करा हो साहेब!" दौलतरावांनी घाम पुसत सही ठोकली.

"तारीख राहिली," बाई म्हणाल्या.

तारीख पडली. कागद पिशवीत गेला. मग बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "हं, आणा आता तुमचे गुलाबी डोंगर."