पुन्हा एकदा कौल लाव

एका उभ्या डोंगराखाली एक गाव होतं. उभा म्हणजे किती, तर वर बघितलं की डोक्यावरची टोपीच पडायची! त्या डोंगरावर देवराई होती, म्हणजे देवीचं रान. इतकं दाट की भरदुपारी आत शिरलं तरी अंधारून यायचं. तिथली साधी काटकीसुद्धा कुणी उचलायचं नाही.

गावात काहीही नवीन करायचं झालं की आधी देवीला कौल लावायचा. देवळातला गुरव भागोजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. संपला विषय.

एकदा गावचा मानकरी तातोबा याच्या डोक्यात आलं, देवळाला मोठ्ठा सिमेंटचा सभामंडप पाहिजे. शेजारच्या गावाला आहे, मग आपल्याला का नाही? त्यासाठी राई विकायची.

कौल लावला. डावी पडली.

"पुन्हा लाव रे भागोजी. पाणी कमी लागलं असेल."

पुन्हा डावी.

"बरं, मग असं विचार, नुसती कडेची झाडं तोडू का?"

परत डावीच!

भागोजीला वाटलं, आता बास म्हणावं. पण मानकऱ्याला नाही कोण म्हणणार? तो पाकळ्या भिजवत राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा एकदाची उजवी पडली.

"देवी पावली!" सगळे ओरडले.

घरी भागोजीची बायको चंद्रा त्याच्यावर उखडलीच. त्यांचं घर राईच्या बरोब्बर खाली, आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू.

"पावली, की तुम्ही तिला दमवलीत?" ती म्हणाली. "झाडं गेली तर हा डोंगर कोण धरणार? तुमचा तातोबा?"

कडेची कडेची म्हणता म्हणता अख्खी राई गेली. मंडप झाला, अगदी झोकात! पण उन्हाळ्यात झरा आटला. बायका हंडे घेऊन पार नदीपर्यंत जाऊ लागल्या. रान उरलं नाही म्हणून डुकरं शेतात घुसली. काही घरांना तर कुलपं लागली, माणसं पोटासाठी शहराकडे गेली.

मग श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. एका दुपारी चंद्राला अंगणात भेग दिसली. तिने हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला! घरातल्या जमिनीतून लाल पाणी वर येत होतं. आणि वरून, उघड्या डोंगरातून, जातं फिरवल्यासारखी घरघर.

ती धावतच देवळात गेली. सगळा गाव मंडपात जमला होता. कौल चालू होता, गाव सोडायचं का?

टप्. उजवी पडली.

"हो म्हणाली!" चंद्रा ओरडली. "चला, निघा!"

"थांब गं बाई," तातोबा म्हणाला. "भरली घरं सोडून जायचं कुठे? भागोजी, पुन्हा लाव."

"पण तातोबा, देवीने तर..."

"पुन्हा लाव म्हटलं ना!"

भागोजीने पडलेली पाकळी उचलली. ती पुन्हा भिजवली.

"अहो, टाका त्या पाकळ्या! तुमची आई घरात आहे!"

"तू हो पुढे," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. "एवढा एकच कौल."

चंद्रा घरी धावली. तिने सासूला पाठीवर घेतलं, लुगड्याने बांधलं आणि ओढा ओलांडून समोरच्या टेकाडावर चढायला लागली. काही बाया पोरांना ओढत तिच्या मागे निघाल्या. मागे घरघर वाढत होती, वाढत होती, आणि एकदम थांबली. बेडूकसुद्धा ओरडेना.

मग डोंगर खाली आला.

चंद्राने मागे पाहिलं. घर नव्हतं. देऊळ नव्हतं. मंडप नव्हता. नुसता लाल चिखल, अजूनही सरकणारा.

पाठीवरून सासूने विचारलं, "भागू आला का गं?"

चंद्राने लुगड्याची गाठ घट्ट आवळली आणि टेकाड चढत राहिली.

तात्पर्य: झाडं डोंगराला धरून ठेवतात, म्हणून खालचा माणूस जगतो. ती तोडू नका असं उत्तर आलं की पहिल्यांदाच ऐका. हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत बसायची सवय लागली, की पळायची वेळ आलेलीही कळत नाही.