पत्रा की फायबर?

“पत्रा की फायबर, वस्ताद? एकच सांगा. आणि खरं सांगा.”

‘खरं’ या शब्दावर मगदूमनं जरा जास्तच जोर दिला. माणूसच तसला. औषधाची गोळीसुद्धा डॉक्टरसमोर उलटीपालटी करून बघणार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल वस्तादांचं गॅरेज. तिथंच काम शिकून मगदूमनं आता हॉट रॉड बांधायला घेतली होती. जुन्या वळणाची गाडी, पोटात दांडगं इंजिन. खालची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, त्यानं स्वतः वेल्डिंग करून जोडली होती. रविवारी गाडी पन्हाळ्यावर न्यायची, शेजारी बायको सुलोचना. वळणावर काही निखळलं तर दोघंही दरीत, एवढं त्याला कळत होतं. सुलोचना आज हौसेनं गाडी बघायला आली होती.

समोर दोन बॉड्या. एक जुनी, पत्र्याची, भंगारातून आणलेली. दुसरी फायबरची, वस्तादांच्या भाच्यानं बनवलेली.

भाच्यानं! मगदूमच्या डोक्यात तोच किडा वळवळत होता.

“फायबर हलकं. गंजत न्हाई,” वस्ताद म्हणाले.

“भाच्याचं आहे म्हणून?”

“मग पत्रा घे.”

मगदूम चपापला. “लगेच पत्रा? म्हणजे फायबरात काहीतरी खोट आहे!”

वस्तादांनी हातोडी त्याच्या हातात दिली. “वाजवून बघ.”

मगदूमनं पत्रा वाजवला. ठण… ठण… थप.

“पुट्टी! गंजाची भोकं बुजवायला आत पुट्टी भरलीय. वाटलंच मला!”

मग फायबर ठोकून बघितलं. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला.

“हा कोपरा पातळ आहे. फसवतात लेकाचे सगळे!”

चोर सापडल्यासारखा खूश झाला गडी.

वस्ताद उकिडवे बसले. चॅसीच्या पुढच्या जोडावर मगदूमनं घाईनं काळा रंग फासला होता. वस्तादांनी तिथं बोट ठेवलं.

“आता हा वाजव.”

“तो कशाला? तो माझ्या हातचा आहे.”

“वाजव की.”

“माझ्यावर विश्वास न्हाई व्हय तुमचा?”

वस्तादांचं बोट जोडावरच होतं. सुलोचनानं जोडाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मगदूमला राग आला. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. त्यानं हातोडी हळूच बाकावर ठेवली.

“ते बघू नंतर. आधी बॉडीचं सांगा.”

वस्ताद उठले. चिंधीला हात पुसले.

“बसव कुठलीबी,” ते म्हणाले.

मग सुलोचनाकडं वळले.

“सूनबाई, रविवारी तुम्ही आपलं एसटीनं जा.”